डोळे मिटले की अण्णांचा तोल जातो, पण सुई टोचली की लगेच कळतं, असं कसं?

रानजाई

नमस्कार मंडळी. जरा लांबड लागेल, पण नीट सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून सगळं लिहिते.

माझे वडील, अण्णा, वय ७१. एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झाले, आता आई आणि ते कराडजवळ गावी असतात आणि मी पुण्यात. शुगर १४ वर्षांपासून, मेटफॉर्मिन चालू आहे. ४० वर्षं माळकरी, त्यामुळे अंडंसुद्धा नाही, आणि दूध म्हणाल तर चहापुरतं.

झालंय असं की आंघोळ करताना तोंडाला साबण लावला की ते पडतात. दोनदा पडले. पहिल्यांदा वाटलं फरशी निसरडी असेल, रबरी मॅट टाकली, तर मॅटवरही पडले. मग आईनेच लक्ष ठेवलं आणि तिच्या ध्यानात आलं की डोळे उघडे असले की काही नाही, मिटले की झोक जातो. रात्री लाइट गेली तर अंगणातून घरात येईपर्यंत भिंत धरून येतात. दरवर्षी काकड्याला पहाटे चारला देवळात जाणारा माणूस, यंदा कोजागिरीनंतर दोन दिवस गेले आणि बंद केलं, कारण विचारलं तर सांगेनात. चप्पल पायातून निसटते आणि चार पावलं पुढे गेल्यावर खाली बघितलं तेव्हा कळतं. म्हणतात, "कापसावरून चालल्यागत वाटतंय."

गावातल्या डॉक्टरांनी तळपायाला सुई टोचून बघितली, अण्णांनी झटक्यात पाय ओढला, तर ते म्हणाले संवेदना छान आहे, वयोमानाने होतं असं, आणि चक्करची गोळी दिली. पण त्यांना चक्कर येतच नाही हो! घर फिरत नाही, डोळ्यापुढे अंधारी नाही.

सुई कळते, गरम पाणी कळतं, मग आपला पाय कुठंय हे का कळत नाही? नस तर तीच ना?

मुळाकाठ

माझ्या मावशीलाही पायाला मुंग्या यायच्या. रक्तपुरवठा कमी पडतो त्याने. रात्री तिळाच्या तेलाने मालिश आणि गरम पाण्याच्या पिशवीने शेक द्या, महिन्याभरात फरक पडेल.

घाटमाथा

मुळाकाठ, राग मानू नका पण शेकाचं तेवढं कुणी ऐकू नका प्लीज. शुगरवाल्या माणसाच्या पायाची गरम-थंड कळायची शक्ती कधी आणि किती गेलीय हे त्याला स्वतःला कळत नाही, आणि पिशवीने भाजलेले तळपाय मी ऑपरेशन टेबलवर बघितलेत, एकाची तर पुढे बोटं काढावी लागली. मालिशला हरकत नाही.

रानजाई ताई, मी भूलतज्ज्ञ आहे, २६ वर्षं झाली. तुमचा शेवटचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे आणि त्याचं उत्तर "नाही, तीच नाही" असं आहे.

पायाची नस म्हणजे एक वायर नसते, हजारो तंतूंची जुडी असते. काही तंतू जाड, त्यांच्यावर मायलिनचं म्हणजे चरबीसारख्या आवरणाचं जाड वेष्टण. काहींवर पातळ वेष्टण. आणि बरेचसे एकदम बारीक, बिनवेष्टणाचे. जाड तंतूंवरून हलका स्पर्श, कंप, आणि स्नायू किती ताणलाय सांधा किती वाकलाय ही बातमी जाते, वेग सेकंदाला साधारण ३५ ते ७५ मीटर. पातळ वेष्टणवाल्यांवरून टोचल्याची तीक्ष्ण कळ आणि गारवा, सेकंदाला ५ ते ३० मीटर. बिनवेष्टणाच्या तंतूंवरून ठणका, आग, ऊब वगैरे, आणि त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर, म्हणजे आपण चालतो साधारण तेवढाच! उंबऱ्याला ठेच लागली की आधी एकदम कळ येते, आपण "आई गं" म्हणतो, आणि मग सेकंदभराने तो खरा ठणका चढतो ना, ते यामुळेच. अंगठ्यापासून कण्यापर्यंत मीटरभर अंतर, एक बातमी धावत आली आणि दुसरी चालत.

आता पुढचं जास्त महत्त्वाचं. मज्जारज्जूत शिरल्यावर यांचे रस्तेच वेगळे होतात. दुखण्याचा आणि गरम-थंडचा तंतू आत शिरला की तिथंच थांबतो, पुढच्या पेशीच्या हातात बातमी देतो, ती पेशी लगेच पलीकडच्या बाजूला जाते आणि त्या बाजूने मेंदूकडे चढते. स्पर्श, कंप आणि स्थितीचा तंतू मात्र कुणाच्या हातात काही देत नाही. ज्या बाजूने आला त्याच बाजूने रज्जूच्या मागच्या भागातून सरळ वर, थेट कवटीच्या तळापर्यंत, आणि तिथे पहिल्यांदा पेशी बदलून बाजू बदलतो. म्हणजे तुमच्या पायाच्या अंगठ्यापासून मानेच्या वरच्या टोकापर्यंत एकच पेशी! उंच माणसात जवळपास दीड मीटर लांब. मी शिकत असताना हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कितीतरी दिवस चालताना पायाकडेच बघत होतो.

तर सुई टोचून बघणं म्हणजे एकच रस्ता तपासणं. अण्णांचा तो रस्ता ठीक दिसतोय. दुसरा कुणी तपासलाच नाही. डोळे मिटल्यावर तोल जाणं, चप्पल निसटल्याचं न कळणं, कापसावरून चालणं, या तिन्ही गोष्टी मागच्या रस्त्याकडे बोट दाखवतात. ७१ वय, माळकरी, दूध नावाला, १४ वर्षं मेटफॉर्मिन... ताई, बी-१२ कधी तपासलंय का?

रानजाई

नाही हो, कधीच नाही. शुगर आणि किडनीच्या टेस्ट होतात दर सहा महिन्यांनी. पण बी-१२ आणि तोल? ते तर अशक्तपणासाठी असतं ना?

घाटमाथा

तसा समज आहे खरा. पण ते मायलिन वेष्टण टिकवायला बी-१२ लागतं, आणि ते कमी पडलं की रज्जूच्या मागच्या जाड तंतूंना सगळ्यात आधी झळ बसते. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही, दूध-दही-अंडी-मासे-मटण यांतूनच. त्यात वय झालं की पोटातलं ॲसिड कमी होतं आणि ते नीट शोषलं जात नाही, आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत शोषण आणखी घटतं. यकृतात काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो, म्हणून माणूस बरीच वर्षं निभावून नेतो आणि मग एकदम लक्षणं दिसायला लागतात.

एक कळकळीने सांगतो, रिपोर्ट येईपर्यंत कुणाच्या सांगण्यावरून नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करू नका. त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. आणि पुढे कधी अण्णांचं ऑपरेशन निघालं तर भूलतज्ज्ञाला बी-१२ कमी आहे हे आवर्जून सांगा, कारण आम्ही वापरतो तो नायट्रस ऑक्साइड वायू उरलंसुरलं बी-१२ निकामी करतो.

हे सगळं मी इथून अंदाजाने बोलतोय. मानेत रज्जूवर दाब असला तरी असं होऊ शकतं, शुगरनेही होतं. न्यूरॉलॉजिस्टला प्रत्यक्ष दाखवाच.

पाऊलखुण

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वरच्या प्रतिसादाला शंभर टक्के अनुमोदन. दोन गोष्टी घरी बघू शकता, पण अण्णांच्या अगदी जवळ हात पसरून उभं राहा, हे विसरू नका.

एक म्हणजे पाय जोडून उभं राहायचं, आधी डोळे उघडे, मग मिटायचे. उघड्या डोळ्यांनी स्थिर आणि मिटल्यावर पडायला झालं तर तो मागचा रस्ता किंवा पायाच्या नसा. रोंबर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरच्या नावाने ही टेस्ट ओळखतात, १९व्या शतकापासून चालत आलीय आणि आजही तिला तोड नाही, पैसा लागत नाही. उभं राहायला शरीर तीन ठिकाणची खबर घेतं, डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग आणि पाय. तिन्हीतल्या दोन चालू असल्या तरी भागतं. अण्णांची पायाची खबर बंद, म्हणून डोळ्यांवर सगळा भार, आणि साबण लावताना तेही बंद. चक्करची गोळी कानाच्या भागासाठी असते, तिचा इथे काय उपयोग होणार होता?

दुसरी टेस्ट अंगठ्याची. डोळे मिटायला सांगा, पायाचा अंगठा दोन्ही कडांनी धरा (वरून-खालून धरलं तर दाबावरून ओळखतात), बाकीच्या बोटांना हात लागू देऊ नका, आणि थोडासा वर किंवा खाली करून विचारा, वर की खाली. दहादा करा. चांगल्या माणसाला अगदी किंचित हलवलेलंही कळतं.

ही जाणीव मुख्यतः येते स्नायूंच्या आतून. सांध्यातून येत असेल असं वाटतं पण मोठा वाटा स्नायूंमधल्या बारीक चातीच्या आकाराच्या रचनांचा, त्या ताण मोजतात. याचा पुरावा फार सुंदर आहे. १९७२ मध्ये संशोधकांनी लोकांचे डोळे बांधून दंडाच्या पुढच्या स्नायूच्या कंडराला (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीला) कंप दिला, हात जागेवरच होता तरी त्यांना वाटलं कोपर उलगडतोय. स्नायू ताणला जातोय अशी खोटी खबर गेली आणि मेंदूने ती मानली. नंतर कुणीतरी हेच नाकाचा शेंडा बोटांत धरायला लावून केलं, तर लोकांना स्वतःचं नाक लांब होतंय असं जाणवलं! म्हणजे शरीराचा नकाशा मेंदू दर क्षणाला आलेल्या खबरींवरून नव्याने मांडत असतो.

चाफेकळी

हे वाचून अंगावर काटा आला कारण मला नऊ वर्षं पडलेलं कोडं सुटतंय बहुतेक. माझं सिझर झालं तेव्हा पाठीत इंजेक्शन दिलं, मी गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर होते. मग सरळ झोपवलं. मला शपथेवर वाटत होतं की माझे पाय अजून दुमडलेलेच आहेत, मी सिस्टरना दोनदा म्हटलं पाय सरळ करा, त्या म्हणाल्या सरळच आहेत. आणि ऑपरेशनमध्ये दुखलं काही नाही पण ओढाताण सगळी जाणवत होती, मी घाबरून रडले, मला वाटलं भूल नीट चढली नाही. नंतर कुणाला विचारलं नाही, लोक हसतील म्हणून.

घाटमाथा

चाफेकळी, तुम्हाला वाटलं ते अगदी खरं होतं आणि त्या वेळी कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं, मी आता प्रत्येक पेशंटला आधीच सांगतो. भुलीचं औषध तंतूंमधले सोडियमचे दरवाजे बंद करतं. सगळे तंतू एकदम बंद पडत नाहीत, साधारणपणे बारीक आधी आणि जाड शेवटी. म्हणून भूल कुठवर चढली हे बघायला आम्ही गार स्पिरिटचा बोळा लावतो, गारवा कळेनासा झाला की दुखणंही गेलेलं असतं, पण दाब आणि ओढ उरलेली असते. आणि पायांकडून नवी खबर यायची थांबली की मेंदू शेवटची मिळालेली स्थितीच धरून बसतो, तुमच्या बाबतीत दुमडलेले पाय.

फळा-खडू

मी शाळेत विज्ञान शिकवतो, आणि पुस्तकात पाच ज्ञानेंद्रियं एवढंच असतं याची मला नेहमी खंत वाटते. ही सहावी जाणीव मुलांना सांगितली की त्यांचे डोळे चमकतात. डोळे मिटून नाकाला बोट लावा म्हटलं की सगळ्यांना जमतं, आणि मग विचारायचं, बोट कुठंय हे कुणी सांगितलं? या जाणिवेसाठी प्रोप्रिओसेप्शन हा शब्द १९०६ मध्ये शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने घडवला, त्यांना पुढे १९३२ चं नोबेल मिळालं.

आणि अगदी अलीकडचं म्हणजे २०२१ चं वैद्यकाचं नोबेल याच विषयाला. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये मिरचीतल्या तिखट द्रव्याच्या मागावर जाऊन उष्णतेचा रिसेप्टर (नसेच्या टोकाचा खबर टिपणारा दरवाजा) शोधला, तो साधारण ४३ अंशांच्या वर उघडतो. ठेचा करताना हाताची जी आग होते ती म्हणजे खरोखर चटक्याचीच तार वाजते, तिथे भाजलेलं काही नसतं. दुसरे आर्डेम पटापुटियन, त्यांनी २०१० मध्ये पीझो-१ आणि पीझो-२ हे दाबाने उघडणारे रिसेप्टर शोधले. पीझो-२ हलका स्पर्श आणि स्थिती दोन्हींसाठी लागतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दोन अशा रुग्णांबद्दल लिहिलं ज्यांच्यात हा जन्मापासून चालतच नव्हता. डोळे उघडे असताना चालायच्या, डोळे बांधले की कोलमडायच्या. पण टोचलेलं, गरम-थंड कळायचं. अण्णांसारखंच की!

झाडीपट्टी

मी कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो, चंद्रपूर-गडचिरोलीकडे ३१ वर्षं. आमच्याकडे नेमकं उलटं बघितलं, म्हणून लिहितोय.

कुष्ठरोगाचा जंतू नसेच्या आवरणाच्या पेशीत राहतो आणि त्याला शरीराचा गार भाग आवडतो. कानाची पाळी, कोपर, गुडघ्याची बाजू, हातपायाची कातडी. म्हणून तिथलं गरम-थंड आणि दुखणं पहिले जातं. चट्ट्यावर एक गरम पाण्याची आणि एक गार पाण्याची नळी लावून विचारायचो, माणूस म्हणायचा दोन्ही सारख्याच. पण खोल स्नायूंतल्या ऊबदार जागी जंतू तेवढा फिरकत नाही, म्हणून बोट कुठंय हे त्याला डोळे मिटूनही बरोबर सांगता यायचं. तोल पक्का. अंधारात बांधावरून चालत जायचा आणि घरी पोचल्यावर दिसायचं की काटा आरपार गेलाय, रक्त वाहतंय, आणि त्याला पत्ता नाही.

लोक म्हणायचे बोटं झडतात. बोटं झडत नाहीत हो. चुलीवरचं भांडं हाताने उतरवलं, भाजलं, कळलं नाही, जखम चिघळली, हाड गेलं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच वर्षानुवर्षं बघून दाखवून दिलं की मांस रोगाने सडत नाही, दुखणं गेल्यामुळे माणूस स्वतःला जपू शकत नाही. तेव्हापासून मऊ एमसीआर रबराच्या चपला आल्या, त्या मी हजारोंनी वाटल्यात. रोज संध्याकाळी तळपाय आरशात बघायचा, हे आम्ही दारोदार जाऊन शिकवलं. दुखणं नसणं म्हणजे सुख असं ज्याला वाटतं त्याने एक दिवस आमच्याबरोबर ड्रेसिंगला बसायला हवं होतं.

रानजाई ताई, अण्णांच्या चपलेला मागून पट्टा आहे का? नसेल तर आजच बदला. बिनपट्ट्याची चप्पल निसटणं आणि पडणं यात एकाच पावलाचं अंतर आहे.

मुळाकाठ

शेकाचं मी माझा शब्द मागे घेतो, मावशीलाही आजच फोन करून सांगितलं. पण एक शंका, कोपर आपटला की आपण लगेच चोळतो आणि बरं वाटतं, ते खरं असतं की मनाचे खेळ?

पाऊलखुण

पूर्ण खरं. चोळताना जाड तंतूंवरून स्पर्शाची खबर धडाधड रज्जूत शिरते, आणि तिथे ती बारीक तंतूंच्या दुखण्याच्या खबरीला पुढे जाताना अडवते. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये ही "दरवाजा"ची कल्पना मांडली. बारकावे पुढे बदलले पण गाभा टिकला, आम्ही दुखऱ्या जागी हलके विजेचे झटके देणारं मशीन लावतो ते याच जोरावर. पडलेल्या पोराचा गुडघा आई चोळते तेव्हा तेही औषधच असतं.

रानजाई

अपडेट. (सगळ्यांना उशीर झाला, माफ करा.) अण्णांना पुण्याला आणलं, न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी सुई एकदाच टोचली आणि मग अर्धा तास बाकीचंच तपासत होते. कंप पावणारा चिमटा, १२८ चा म्हणाले, घोट्यावर टेकवला तर अण्णा म्हणाले, "गार लोखंड लागलं." कंप? "नाही बा." गुडघ्यावर, कमरेवर कळला. अंगठ्याची टेस्ट, उजवा दहात चार, डावा दहात तीन. म्हणजे अंदाजपंचे.

बी-१२ आलं ११८, रिपोर्टवर खालची मर्यादा २११. हिमोग्लोबिन मात्र चांगलं, १३, म्हणून कुणालाच शंका आली नव्हती. मानेचा एमआरआय केला, दाब नाही. इंजेक्शनं सुरू केलीत, आधी रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला. डॉक्टर म्हणाले लवकर आलात तर जास्त भरून येतं, तुम्ही मधल्या वेळेत आलात.

घरी येताना रिक्षात मी अण्णांना घाटमाथांचं सगळं वाचून दाखवलं. ऐकून गप्प बसले थोडा वेळ आणि मग म्हणाले, "म्हणजे हॉर्न वाजतोय, लाइट लागतीय, पण स्पीडची केबल तुटलीय. आणि त्या डॉक्टरनं हॉर्न वाजवून बघितला आणि गाडी ओके म्हणून सोडली." मला रडूच आलं. इतके महिने ते मनात समजून चालले होते की आपली शुद्धच कमी होत चाललीय, आणि ते कुणाला सांगायचं नाही म्हणून काकडा सोडला.

झाडीपट्टी

तुमच्या अण्णांना माझा नमस्कार सांगा. असं समजावून सांगणारा माणूस आम्हाला ट्रेनिंगला हवा होता.

पाऊलखुण

औषधाबरोबर व्यायाम हवाच. स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून एका पायावर, मग टाचेला बोट लावून सरळ रेषेत, आधी डोळे उघडे, पायांकडे बघत बघत. १९७१ मध्ये एका १९ वर्षांच्या ब्रिटिश मुलाची एका तापानंतर मानेखालची स्पर्श आणि स्थितीची जाणीव साफ गेली, ती परत आलीच नाही, ताकद मात्र पूर्ण होती. तो प्रत्येक हालचाल डोळ्याने बघत पुन्हा चालायला शिकला. अण्णांचं तर थोडंच गेलंय. आणि बाथरूममध्ये भिंतीला दांडा, रात्री बारका लाइट, आंघोळ स्टुलावर बसून. हे आजपासून.

रानजाई

साडेचार महिने झाले म्हणून लिहितेय. दांडा बसवला, स्टूल आणलं, मागच्या पट्ट्याच्या चपला घेतल्या (झाडीपट्टी दादा, अण्णांनी बाजारात तुमचं नाव घेऊनच मागितल्या). काल आईने अंगठ्याची टेस्ट घेतली, उजवा दहात आठ, डावा दहात सहा. कापूस कमी झालाय पण गेलेला नाही. मध्ये महिनाभर पायात उलट जास्तच मुंग्या आणि आग होती, आम्ही घाबरलो, डॉक्टर म्हणाले सुधारणा होताना होतं असं कधीकधी. ती आता ओसरलीय.

अंगणात संध्याकाळी लाइट गेली तर परवा भिंत न धरता आले. तोंडाला साबण मात्र अजून दांड्याला एक हात लावूनच.